1966 ची मस्टँग: मागचे पाटे ठेवायचे की काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा. मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका वाचकाकडे 1966 ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप आहे. मूळ 289 इंजिनाच्या जागी 347 क्युबिक इंचांचं, साधारण 400 हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलंय. गिअरबॉक्स पाच गिअरचा, मागचा ॲक्सल मूळचा 8 इंची, पाटेही (लीफ स्प्रिंग) मूळचेच. पुढचं काम झालंय: वरचे कंट्रोल आर्म (चाकांना धरणारे) इंचभर खाली घेतलेत, डिस्क ब्रेक लावलेत, 1 इंची अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) आहे. चाकं 17 इंची, मागे 245 चे रस्त्याचे टायर. सुट्टीच्या दिवशी गाडी रस्त्यावर निघते, ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला) जाते आणि उन्हाळ्यात अधूनमधून वॉटरफर्ड हिल्स किंवा जिंजरमॅनच्या ट्रॅकवर. तक्रारी दोन. वळणातून बाहेर पडताना पाय दिला की मागची चाकं थडथडतात. आणि डावं-उजवं असं लागोपाठ वळण आलं की गाडीचा मागचा भाग पुढच्याच्या मागून, उशिरा वळतो. एक जण फोर-लिंक (पाट्यांऐवजी चार दांड्यांनी ॲक्सल धरणारी रचना) घ्या म्हणतो, दुसरा थ्री-लिंक (तीन दांड्यांची), तिसरा म्हणतो पाटे-बिटे सोडा, सरळ स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारं) बसवा. यातलं काय करावं? आणि शेवटचा उपप्रश्न: मागे अँटी-रोल बार लावावा का?

माझं मत आधी सांगतो, कारणं नंतर. तुमच्या गाडीला आत्ताच्या टायरवर चांगले पाटे, ते नीट बसवणं आणि जोडीला पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारी दांडी), एवढं पुरेसं आहे. पुढे कधी मागे याहून रुंद, चिकट ट्रॅक टायर घालणार असाल आणि शेलला (गाडीच्या पत्र्याच्या सांगाड्याला) रोल केज (आतला नळ्यांचा पिंजरा) किंवा तेवढाच भक्कम आधार देणार असाल, तर थ्री-लिंक करा. तिरक्या आर्मचं फोर-लिंक किट घेऊ नका. स्वतंत्र सस्पेन्शन रस्त्यावरच्या सुखासाठी हवं असेल तरच घ्या. आणि ही निवड हॉर्सपॉवर बघून करू नका, टायर आणि शेल बघून करा.

हे शेवटचं वाक्य आकड्यांनी पटेल. मूळ 289 चं दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं इंजिन 282 पाउंड-फूट, म्हणजे सुमारे 382 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिला गिअर 2.78 चा आणि मागचं गुणोत्तर 3.50 धरलं तर चाकांपाशी 3,700 न्यूटन-मीटर पोचतात. आता टायर किती पेलतो ते बघा. ड्रायव्हरसकट गाडी 1,300 किलोची धरली तर उभी असताना मागच्या चाकांवर साधारण 580 किलो असतात. जोरात निघताना मागे येणारं वजन मिळवलं की 725 च्या आसपास होतात. रस्त्याच्या चांगल्या टायरचा घर्षण गुणांक 1 आणि टायरची त्रिज्या 32 सेंटीमीटर धरली, तर टायर रस्त्याला देऊ शकतो तो टॉर्क 2,300 न्यूटन-मीटरच्या आतबाहेर. म्हणजे मूळ इंजिनसुद्धा पहिल्या गिअरमध्ये टायरपेक्षा वरचढ होतं. 400 हॉर्सपॉवर केल्याने पाट्यांवरचा सर्वात मोठा सलग भार वाढला नाही. तो भार दुसऱ्या गिअरमध्येही यायला लागला, इतकंच. भार खरा वाढतो तो टायरची पकड वाढवल्यावर. वळणातल्या आडव्या भाराचंही तेच: 1 जी च्या वळणात मागचा ॲक्सल 580 किलोंच्या जोराने बाहेर जायला बघतो, मग बॉनेटखाली कुठलंही इंजिन असो.

आता पाट्यांकडे. आपल्याकडे एसटीमुळे आणि ट्रकमुळे पाटे म्हटलं की जड, जुनाट असं वाटतं, आणि मस्टँगवाल्यांमध्येही तसाच समज आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. या गाडीत एक पाटा एकाच वेळी चार कामं करतो. गाडीचं वजन उचलतो, ॲक्सलला पुढे-मागे जाऊ देत नाही, आडवं सरकू देत नाही आणि ॲक्सलचं हाउसिंग (बाहेरचं कवच) चाकांच्या उलट दिशेने फिरायला बघतं तेव्हा त्याला धरून ठेवतो. पहिली दोन कामं तो उत्तम करतो. तिसरं बरं करतो. चौथ्यात कमी पडतो. तुमच्या दोन्ही तक्रारी नेमक्या तिसऱ्या आणि चौथ्या कामाच्या आहेत, म्हणून चारही कामं काढून घेण्याआधी ही दोनच दुसऱ्या कुणाला देता येतात का, हे बघणं शहाणपणाचं.

थडथड कशी होते? पाय दिला की पिनियनचं (इंजिनाकडून येणारा जोर ॲक्सलला देणाऱ्या गिअरचं) नाक वर उचललं जातं. पाट्याचा पुढचा भाग वर आणि मागचा खाली असा वाकतो, बाजूने बघितलं तर इंग्रजी एस अक्षरासारखा. वाकता वाकता टायरची पकड सुटते, साठलेला पीळ एकदम मोकळा होतो, हाउसिंग परत येतं, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा पीळ. हे सेकंदाला कित्येकदा होतं आणि तुम्हाला सीटखाली हातोडा मारल्यासारखं जाणवतं. ही फक्त आवाजाची गोष्ट नाही. यात शॉक ॲब्सॉर्बरचे बोल्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि तुमच्या 8 इंची ॲक्सलची क्राउन-पिनियन मरते.

फोर्ड आणि इतरांनाही हे ठाऊक होतं. 1968 च्या 428 कोब्रा जेट मस्टँगमध्ये चार गिअरच्या गाड्यांना मागचा एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे लावला, जेणेकरून हाउसिंग फिरायला लागलं की शॉक त्याला आवरतील. पहिल्या वर्षीच्या कॅमेरोला एकाच पानाचे पाटे होते, ती थडथडीसाठी बदनाम झाली आणि 1968 मध्ये तिलाही शॉक पुढे-मागे आले. क्रायस्लरचा मार्ग मला सर्वात आवडतो. त्यांनी ॲक्सल पाट्याच्या मध्यापेक्षा पुष्कळ पुढे बसवला. पुढचा तुकडा आखूड आणि ताठ झाला की तो जवळजवळ लिंकसारखं काम करतो आणि मागचा लांब तुकडा स्प्रिंगचं काम करतो. मस्टँगमध्येही ॲक्सल मध्याच्या पुढे आहे, पण पाटे मऊ असल्याने त्याचा फायदा कमी मिळतो.

आणि मस्टँगवरून शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या शेल्बीचं काय? 1965 च्या जीटी 350 ला पाटेच होते. हाउसिंगच्या वरून पुढे जमिनीच्या पत्र्यातून आत जाणारे दोन ट्रॅक्शन बार होते, कोनीचे शॉक होते, ॲक्सल फार खाली लोंबू नये म्हणून तारेचे दोर होते आणि पुढचे वरचे आर्म खाली घेतले होते. तुम्ही पुढे केलेला बदल तोच. 14 फेब्रुवारी 1965 ला टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅलीला केन माइल्सने या गाडीची पहिलीच शर्यत जिंकली. एससीसीएची (अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबची) बी-प्रॉडक्शन स्पर्धा 1965, 1966 आणि 1967 अशी तिन्ही वर्षं जीटी 350 ने घेतली. ट्रान्स-ॲम या अमेरिकी शर्यतमालिकेचा उत्पादकांचा किताब 1966 आणि 1967 मध्ये मस्टँगमुळे फोर्डकडे गेला, 1970 मध्ये बॉस 302 ने परत आणला. त्या काळात फोर्डने मस्टँगसाठी स्वतंत्र मागचं सस्पेन्शन बनवून पाहिलं होतं, पण ते उत्पादनात आलं नाही. कारखान्यातून स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन आलेली पहिली मस्टँग 1999 ची कोब्रा आणि सगळ्याच मस्टँगना ते मिळालं 2015 मध्ये. मध्ये 2005 ते 2014 या काळात फोर्डने काय वापरलं? सलग ॲक्सल, थ्री-लिंक आणि पॅनहार्ड रॉड. म्हणजे मी वर सांगितलेल्या दोन्ही वाटा कुणाच्या डोक्यातल्या कल्पना नाहीत, याच गाडीच्या घराण्यातल्या आहेत.

एक पैसाही खर्च करण्याआधी मोजमाप करा. मागच्या शॉकच्या दांड्याला प्लॅस्टिकचा झिप टाय घट्ट बांधा, एक फेरी मारा आणि तो किती सरकला ते बघा. प्रवास संपून रबराचा थांबा आपटत असेल तर तुमची अर्धी तक्रार तिथेच आहे. दुसरं, टायर आणि फेंडरच्या आतल्या कडेच्या मध्ये मुलांच्या खेळण्यातल्या मऊ क्लेचा गोळा चिकटवा. ट्रॅकवरून आल्यावर तो किती दबलाय त्यावरून ॲक्सल आडवा किती सरकतो ते कळतं. दोन्ही बाजूंना करा, कारण दोन्हीकडचं सारखं नसतं. तिसरं, एक छोटा कॅमेरा गाडीखाली पाट्याच्या पुढच्या डोळ्याकडे (टोकाच्या गोल वळ्याकडे) तोंड करून लावा. हे मी प्रत्येक गाडीला करायला सांगतो. पिनियनचं नाक किती उचललं जातं, शॅकल (पाट्याचं मागचं टोक शेलला जोडणारी हलती कडी) कुठे अडतं, बुश (सांध्यातलं रबर) कसा दबतो, हे सगळं दिसतं, आणि पुष्कळदा दोष पाट्याचा नसून साठ वर्षांच्या रबराचा निघतो.

मिशिगनची गाडी म्हणून आणखी एक. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तुमची गाडी आता हिवाळ्यात बाहेर निघत नसेल, पण आधीच्या मालकांचं काय? पाट्याचा पुढचा डोळा ज्या बोल्टने शेलला जोडलेला आहे तिथली पेटी, आणि मागचं शॅकल ज्या रेलमधून जातं ती जागा, स्क्रू ड्रायव्हरने जोरात टोचून बघा. आत गेला तर आधी पत्र्याचं काम. ही गाडी युनिबॉडी आहे, म्हणजे वेगळी चॅसी नाही. पुढच्या आणि मागच्या रेल एकमेकींना जोडलेल्या नाहीत, मधे फक्त जमिनीचा पत्रा आहे. म्हणून कुठलंही सस्पेन्शन निवडा, पहिलं काम सबफ्रेम कनेक्टरचं, म्हणजे या रेल जोडणाऱ्या तुकड्यांचं. वेल्ड करून लावायचे, बोल्टचे नकोत, आणि वेल्डिंगच्या वेळी गाडी चारही चाकांवर उभी असावी, लिफ्टवर लोंबकळलेली नसावी. नाहीतर शेल वाकलेल्या अवस्थेतच कायमचं पक्कं होतं.

आता पाट्यांचं काम. साडेचार पानांचे, डोळा मुख्य पानाच्या मध्यरेषेवर असलेले पाटे घ्या. त्यांनी गाडी सुमारे इंचभर खालीही येते. ताठपणात प्रति इंच 150 ते 170 पाउंडांच्या दरम्यान मी थांबेन. त्याहून ताठ पाटे गुळगुळीत ट्रॅकवर चालतात, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर टायर जमीन सोडतो. पानांना धरणाऱ्या पट्ट्या पुढच्या तुकड्यावर घट्ट आणि मागच्या तुकड्यावर सैल असाव्यात. पुढचा भाग एकजूट राहिला की पिळाला विरोध करतो, मागचा मोकळा राहिला की रस्ता सुखाने घेतो.

बुशबद्दल माझं मत ठाम आहे. पुढच्या डोळ्यात पॉलियुरेथेन घालू नका. गाडी झुकते तेव्हा पाट्याला लांबीत थोडं पिळावं लागतं. पॉलियुरेथेन त्याला पिळू देत नाही आणि पाटा स्वतःच ताठ अँटी-रोल बारसारखा वागायला लागतो. गाडी काही अंशांपर्यंत ठीक वागते, मग मागचा भाग अचानक सुटतो. तिथे कडक रबर किंवा गोलाकार बेअरिंगचा डोळा चालतो. शॅकलला मात्र आडवं ढिलं नको. तिथलं शेलच्या बाजूचं रबर हमखास गेलेलं असतं, ते बदललं की "मागचा भाग उशिरा येतो" ही तक्रार बरीच कमी होते. पाट्याचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी असतानाच शेवटचे आवळा, हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट जुने परत वापरू नका आणि पहिल्या काहीशे मैलांनंतर पुन्हा आवळा. नवीन पानं बसत जातात तसे ते ढिले होतात.

पिळासाठी ट्रॅक्शन बार (हाउसिंगला फिरू न देणारे दांडे). बाजारात चार-पाच तऱ्हा मिळतात. पाट्याच्या खाली लावायचे, पुढे रबराचा ठोकळा असलेले बार फक्त सरळ रेषेच्या शर्यतीसाठी आहेत. वळणात एका बाजूचा ठोकळा टेकला की तिथली स्प्रिंग अचानक ताठ होते. खालून शेलला जोडलेले आखूड बारही मला पसंत नाहीत, कारण त्यांचा फिरण्याचा कंस आणि पाट्याच्या पुढच्या तुकड्याचा कंस जुळत नाही, मग दोघं एकमेकांशी भांडतात. पुढच्या डोळ्याच्या बोल्टवर फिरणारी ताटली आणि तिला हाउसिंगकडून येणारा दांडा, ही रचना सर्वात सभ्य आहे. पाय दिल्यावर ती पाट्याच्या पुढच्या तुकड्याला दाबून ताठ करते आणि एरवी मोकळी राहते. दांडा थोडा सैल ठेवून बसवा, आधीच ताणून ठेवू नका. पिनियनचा कोन गिअरबॉक्सच्या रेषेच्या तुलनेत 2 ते 3 अंश खाली ठेवा, म्हणजे भार आल्यावर नाक उचललं गेलं की रेषा जुळते.

पॅनहार्ड रॉडवर जरा थांबतो, कारण त्याबद्दल जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाबद्दल नाहीत. ही एक आडवी दांडी. एक टोक ॲक्सलला, दुसरं शेलला. ती कंसात फिरते म्हणून ॲक्सल वर-खाली होताना थोडा आडवा सरकतो, आणि यावरून लोक तिला नावं ठेवतात. किती सरकतो ते काढून बघा. दांडी 1 मीटर लांब आणि उभ्या गाडीत समतल असेल, तर 50 मिलिमीटर वर जाताना ॲक्सल सव्वा मिलिमीटर सरकतो. सव्वा! टायरची बाजू याच्या कितीतरी पट वाकते. पण हीच दांडी एका टोकाला 50 मिलिमीटर उंच लावली, तर पुढच्या 50 मिलिमीटरमध्ये सरकणं पावणेचार मिलिमीटर होतं, आणि डाव्या-उजव्या वळणातला फरक जाणवायला लागतो. दोष दांडीचा नाही, ती तिरकी लावणाऱ्याचा आहे. लांब घ्या आणि समतल लावा.

पाट्यांबरोबर लावताना एक काळजी. पाट्यांचं स्वतःचं रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) असतं, साधारण मुख्य पानाच्या उंचीच्या आसपास. रॉड त्याहून फार वर किंवा खाली लावला तर पाटे एका बिंदूभोवती फिरायला बघतात आणि रॉड दुसऱ्या. म्हणून पाट्यांच्या उंचीजवळच लावा. आणि शेलच्या बाजूचा ब्रॅकेट. 580 किलोंचा आडवा जोर रेलपासून 20 सेंटीमीटर खाली लोंबणाऱ्या ब्रॅकेटवर आला की तो रेलला मुरगाळतो. ब्रॅकेटच्या खालच्या टोकापासून समोरच्या रेलपर्यंत तिरका आधार दिल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये नेमका हाच आधार नसतो.

या गाडीत ॲक्सलच्या मागे लगेच पेट्रोलची टाकी आहे, आणि तिचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे. सायलेन्सरचे पाइप ॲक्सलवरून जातात. म्हणून रॉडची जागा कागदावर दिसते तितकी मोकळी नाही. वॅट्स लिंकेजची अडचणही हीच. जेम्स वॅटने 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी पेटंट घेतलेली ही रचना ॲक्सलला जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली नेते आणि डावी-उजवी वळणं अगदी सारखी होतात. मला ती मनापासून आवडते. पण तिला दोन दांड्या, मधला फिरता तुकडा आणि तो धरायला शेलला आडवी बीम किंवा हाउसिंगवर भक्कम जागा लागते. सव्वा मिलिमीटर वाचवण्यासाठी एवढं वजन आणि जागा तुमच्या वापराला परवडत नाही.

थ्री-लिंक मला सलग ॲक्सलसाठीची सर्वात प्रामाणिक रचना वाटते. खाली दोन लांब लिंक, वर मध्याजवळ एक, आडव्या जोरासाठी पॅनहार्ड किंवा वॅट्स, आणि वजनासाठी कॉइल स्प्रिंग. प्रत्येक भागाला एकच काम, म्हणून कुणी कुणाशी भांडत नाही. गाडी झुकताना काही अडत नाही, त्यामुळे सांध्यांना मऊ रबराची गरज नाही. आणि वरच्या लिंकचा कोन बदलून गाडी निघताना मागे किती बसेल ते ठरवता येतं.

त्याचा हिशेब असा. बाजूने बघताना वरची आणि खालची लिंक पुढे वाढवली की त्या एका बिंदूत मिळतात. समजा तो बिंदू मागच्या चाकापासून 1,500 मिलिमीटर पुढे आणि जमिनीपासून 200 मिलिमीटर वर आहे. त्याचं गुणोत्तर 0.133. मस्टँगचा व्हीलबेस 108 इंच, म्हणजे 2,743 मिलिमीटर, आणि गुरुत्वमध्य 510 मिलिमीटरवर धरला तर त्याचं गुणोत्तर 0.186. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सुमारे 72 टक्के अँटी-स्क्वॉट, म्हणजे निघताना मागे बसण्याला होणारा विरोध. वळणांच्या ट्रॅकसाठी मी 50 ते 80 च्या मध्ये राहतो. 100 च्या वर गेलं की निघताना पकड जबरदस्त वाटते, पण ब्रेक दाबल्यावर हीच रचना उलट काम करते, मागचा ॲक्सल उचलला जातो आणि ब्रेक लावताना चाकं उड्या मारतात. जिंजरमॅनच्या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी तुम्हाला हे नको आहे.

मग आत्ताच थ्री-लिंक का नको? शेलमुळे. वरच्या एका लिंकवर केवढा जोर येतो बघा. मघाच्याच 725 किलोंच्या हिशेबात, खालची लिंक ॲक्सलच्या मध्यापासून 10 सेंटीमीटर खाली आणि वरची 15 सेंटीमीटर वर असेल, तर वरच्या लिंकवर सुमारे 640 किलोंचा ताण येतो, आणि क्लच झटक्याने सोडला तर त्याच्या कितीतरी वर. हा ताण मागच्या सीटखालच्या पातळ पत्र्याजवळ, एका ब्रॅकेटवर. मूळ गाडी बनवताना तिथे असा जोर येईल हे कुणी गृहीत धरलेलं नव्हतं. त्यामुळे दोन्ही रेलना जोडणारी आडवी बीम हवी, ती केजला बांधलेली असेल तर उत्तम, आणि मागची सीट बहुधा जाते. शिवाय हाउसिंगवर ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात. वेल्डच्या उष्णतेने नळ्या ओढल्या जातात, म्हणून नंतर हाउसिंग सरळ आहे का ते तपासून घ्यावं लागतं. एवढं करणार असाल तर 8 इंचीवर करू नका, 9 इंची हाउसिंगवरच करा.

जोर नेमका कुठे जातो हे न बघितल्याने भल्याभल्यांची रचना फसली आहे. 1963 च्या लोटस कॉर्टिनाला कॉलिन चॅपमनने मागे कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सल धरायला ए आकाराची ब्रॅकेट दिली होती. गाडी सुंदर चालायची, जिम क्लार्कने 1964 मध्ये तिच्यावर ब्रिटिश सलून कार स्पर्धाही जिंकली. पण ती ब्रॅकेट सगळा जोर डिफरन्शियलच्या केसिंगवर टाकत होती. बोल्ट ढिले व्हायचे, तेल गळायचं. 1965 मध्ये फोर्डने ती काढून पाटे आणि रेडियस आर्म (ॲक्सलला पुढे-मागे धरणारे दांडे) लावले, आणि गाडी जिंकतच राहिली.

तिरक्या आर्मचं फोर-लिंक का नको म्हणालो? वरचे दोन आर्म तिरके असल्याने पॅनहार्डची गरज राहत नाही, बसवायला सोपं, म्हणून दुकानदार ते सुचवतो. पण गाडी झुकली की चार आर्मची भूमिती एकमेकांना अडवते. ती हलते ती केवळ रबर दबतं म्हणून. कारखान्याच्या मऊ रबरावर 1979 पासूनच्या मस्टँगमध्ये हे खपून गेलं, आणि तिथेही ट्रॅकवर जाणारे लोक वरचा आर्म बदलायला शोधत असत. किटमध्ये कडक बुश येतात, त्यामुळे मागचा भाग एका क्षणापर्यंत छान आणि पुढच्या क्षणी सुटलेला. समांतर आर्मचं फोर-लिंक सरळ रेषेच्या शर्यतीसाठी आहे. टॉर्क आर्म (ॲक्सलपासून पुढे जाणारा, हाउसिंगला फिरू न देणारा लांब आर्म) चांगला आहे, 1982 ते 2002 च्या कॅमेरोने तो सिद्ध केलाय, पण तुमच्या गाडीत सायलेन्सरची वाट आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही खातो.

स्वतंत्र सस्पेन्शनचा खरा फायदा मिशिगनच्या रस्त्यांवर आहे, हे मान्य करायला हवं. थंडीने फुटलेल्या डांबरावर एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला कळत नाही, आणि डिफरन्शियल शेलला बांधलेलं असल्याने चाकांबरोबर उडणारं वजन कमी होतं. सगळं आयुष्य ही गाडी लांबच्या प्रवासाला वापरणार असाल तर मी तुम्हाला अडवणार नाही. पण 1999 नंतरच्या कोब्राचं सस्पेन्शन या शेलसाठी रुंद आहे. जॅग्वारच्या रचनेत ॲक्सलचा शाफ्टच वरची लिंक असतो आणि ब्रेक आत डिफरन्शियलला चिकटलेले, ट्रॅकवर गरम होतात आणि दुरुस्तीला सगळा सांगाडा उतरवावा लागतो. नवीन किट चांगली निघाली आहेत, खर्च मात्र पाट्यांच्या कामाच्या अनेक पट. आणि ट्रॅकवरचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण सपाट डांबरावर सलग ॲक्सल दोन्ही टायर जमिनीला सपाट धरतो. त्याचा हा गुण लोक विसरतात.

राहिला अँटी-रोल बारचा प्रश्न. आत्ता लावू नका. मागचा बार वळणात आतल्या चाकावरचं वजन कमी करतो, आणि तुमची थडथड वळणातून बाहेर पडतानाची आहे, म्हणजे आतलं चाक आधीच हलकं आहे. त्यात लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (सगळा जोर घसरत्या चाकाकडे जाऊ न देणारं) नसेल तर ते चाक नुसतं फिरत राहील. आधी पाटे, बुश आणि रॉड होऊ द्या. मग मोकळ्या जागी एकाच त्रिज्येच्या वर्तुळात हळूहळू वेग वाढवत जा. गाडीचं नाक बाहेर जात असेल तर पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं थोडी वर घ्या. मागचं रोल सेंटर वर गेलं की बारसारखाच परिणाम मिळतो आणि उतरवायलाही सोपा. तेवढ्याने भागलं नाही तरच बार, आणि तोही 5/8 इंचीपासून सुरुवात, 3/4 च्या वर नाही. ड्रॉप लिंक (बारची टोकं जोडणाऱ्या छोट्या दांड्या) जुळवताना गाडी चाकांवर उभी ठेवा आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवा, नाहीतर बार उभ्या गाडीतच पिळलेला राहतो आणि डावीकडे एक गाडी, उजवीकडे दुसरीच असं होतं.